ओसरीवरून : धुतलेला डबा

आपल्या घरांतून शरीराच्या दुखण्यांस फार मोठा मान असतो. कोणाच्या गुडघ्यांत कळ येते, कोणाचें पित्त पहांटे उसळतें, कोणाची साखर जेवणानंतर कितीवर जाते, हें घरच्या माणसांनाच काय, पण सहज भेटीस आलेल्या पाहुण्यांनाही चहाचा पेला हातांत पडण्यापूर्वीं समजतें. मुळव्याधीसारखा संकोचाचा विकारही पुरुषमंडळी ओसरीवर बसून मोकळेपणानें चघळतात, आणि त्यावर सुरणाच्या भाजीपासून शस्त्रक्रियेपर्यंत हवे तेवढे उपाय सुचविले जातात. परंतु मन दुखूं लागलें, म्हणजे मात्र तेंच घर एकाएकीं मुकें होतें. घरावर कर्जाचा बोजा असावा आणि तो शेजाऱ्यांना कळूं नये म्हणून जशी खटपट चालावी, तशी त्या दुखण्याविषयीं चालते. आणि तें दुखणें एखाद्या कर्त्या पुरुषाला, धंदा अगर नोकरी बदलण्याच्या वेळीं, जडलेलें असलें, म्हणजे तर बोलावयासच नको.

या महिन्यांत हा विषय मीं निवडला, याचें कारण माझ्याच घरांत आहे. ज्याच्यासंबंधानें लिहावयाचें, त्या माझ्या पुतण्याची मीं आधीं परवानगी विचारली. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "लिहा, काका. नांव तेवढें घालूं नका. आणि तुम्ही काय बोललां होतां, तेंही गाळूं नका." दोन्ही अटी मला मान्य आहेत. पहिली पाळणें सोपें आहे. दुसरी पाळण्याची हिंमत होण्यास मला दोन महिने लागले.

पनवेलच्या माणसाला धंदा बदलणें हें कांहीं नवें नाहीं. हें गांवच मुळीं धंदे बदलीत बदलीत वाढलें आहे. एके काळीं घाटावरचा माल बैलगाड्यांनीं येथें उतरावयाचा आणि येथल्या बंदरांतून गलबतांनीं मुंबईस जावयाचा. त्या वैभवाच्या दिवसांतच, १८५२ सालीं, येथें नगरपालिका झाली. पुढें १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली; ती कल्याण-कर्जतच्या वाटेनें गेली आणि पनवेल एका बाजूस राहिलें. बंदराचें महत्त्व हळूहळू ओसरलें. १८७२ सालीं पुराणिकांनीं येथें श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना घातला, तेव्हां गांवाला एक नवी ओळख मिळाली. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठीं पनवेल-उरणकडचीं भातखाचरें व मिठागरें संपादन होऊं लागलीं. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत झालेल्या आंदोलनांत पांच जणांनीं प्राण गमावले. रसायनी येथील हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना, ज्याच्या भरंवशावर या परिसरांतील कित्येक घरांनीं मुलांचीं शिक्षणें आणि मुलींचीं लग्नें केलीं, त्याचें तेथील बहुतेक काम बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळानें २०१७ सालीं घेतला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें ज्या विमानतळाचें उद्घाटन झालें, त्याच्यासाठीं दहा गांवांतील लोकांना आपलीं घरें सोडावीं लागलीं.

या प्रत्येक वेळीं हिशेब मांडले गेले. जमीन किती, भाव काय, नुकसानभरपाई किती, निवृत्तीची रक्कम किती, सर्व आंकडे सरकारी कागदांत मिळतील. मिळणार नाहीं तो एकच आंकडा : ज्याच्या हातांतून त्याचें काम गेलें, त्या माणसानें किती रात्री आढ्याकडे पाहत काढल्या, हा.

आतां माझ्या पुतण्याची हकीकत सांगतों. तो रसायनशास्त्राचा पदवीधर. एका खासगी कारखान्याच्या प्रयोगशाळेंत त्यानें एकवीस वर्षें इमानानें काम केलें. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं त्याचा विभाग बंद झाला. हिशेबाची रक्कम रीतसर मिळाली. त्याबद्दल त्याची तक्रार नाहीं. आम्हां सर्वांना वाटलें, हुशार मुलगा आहे, कोठेंही चिकटेल. तोही तसेंच म्हणाला. एका ओळखीच्या गृहस्थांच्या सल्ल्यानें त्यानें विमा विकण्याचें काम धरलें. ज्याचें आयुष्य कांचेच्या नळ्यांशीं आणि तराजूशीं गेलें, त्याला अनोळखी माणसाच्या दारांत उभें राहून हंसतमुखानें बोलणें जमेना. सहा आठवड्यांत त्यानें तें सोडलें. घरीं मात्र सांगितलें नाहीं.

त्यानंतर चार महिने तो रोज सकाळीं पावणेआठ वाजतां डबा घेऊन घराबाहेर पडे आणि संध्याकाळीं साडेसहाला परत येई. आरंभीं तो वडाळे तलावाच्या कांठीं बसे. तेथें ओळखीचीं माणसें फिरावयास येतात असें ध्यानांत आल्यावर त्यानें रेल्वेचा पास काढला. पनवेलहून गाडींत बसावें, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावें, तेथून पुन्हां पनवेलची गाडी धरावी. असें दिवसांतून दोनदां, तीनदां. डब्यांतली पोळीभाजी तो स्टेशनाबाहेरच्या कुत्र्यांना घाली. पुढें एका सार्वजनिक नळावर डबा विसळून घेई.

तेथेंच त्याची चूक झाली. माझ्या वहिनींनीं, म्हणजे त्याच्या आईनें, एकवीस वर्षें त्याचा डबा भरला आहे आणि एकवीस वर्षें तो घांसला आहे. डबा कधीं धुतलेला आला नव्हता. तो आतां रोज धुतलेला येऊं लागला. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. एके दिवशीं सकाळच्या घाईंत भाजीचा कप्पा ओट्यावरच राहिला आणि नुसत्या पोळ्या डब्यांतून गेल्या. रात्रीं वहिनींनीं सहज विचारलें, "आज भाजी बरी झाली होती का रे?" तो म्हणाला, "छान झाली होती." वहिनींनीं हातांतलें काम बाजूला ठेवलें, स्वयंपाकघराचें दार लोटून घेतलें आणि त्याच्याशेजारीं पाटावर बसल्या. त्यांनीं एकही प्रश्न विचारला नाहीं. अर्ध्या तासानें त्यानें बोलावयास सुरुवात केली.

तो काय बोलला, तें त्यानें पुढें मला स्वतः सांगितलें. रात्रीं तीन वाजतां जाग येते ती येतेच. वर्तमानपत्र उघडलें तर एकच ओळ पुन्हां पुन्हां वाचावी लागते आणि तरी अर्थ लागत नाहीं. जेवणाला चव नाहीं. मुलीनें शाळेंतील गंमत सांगितली तर हंसूं येत नाहीं, आणि हंसूं आलें नाहीं म्हणून स्वतःची चीड येते. कारखाना बंद झाला यांत आपला दोष नाहीं हें बुद्धीला पटतें. पण आपण कोणाच्या उपयोगाचे नाहीं, हें मन दिवसभर घोकत राहतें. आणि शेवटच्या कांहीं आठवड्यांत, आपण नसलों तर घरच्यांचें ओझें कमी होईल, असा विचार येऊं लागला होता.

मीं त्याला विचारलें, "अरे, इतकें सोसण्यापेक्षां आधीं मला कां सांगितलें नाहींस?"

तो म्हणाला, "सांगणार होतों, काका. पण गेल्या दिवाळींत आपण सगळे जेवायला बसलों होतों, तेव्हां शेजारच्या मुलानें नोकरी सोडल्याचा आणि तो मानसोपचारांसाठीं जात असल्याचा विषय निघाला. तुम्ही म्हणालां, 'मनानें कच्चा आहे. आमच्या घरांत असलें कांहीं नाहीं.' मी समोरच्याच पाटावर होतों."

मला तें वाक्य आठवतही नव्हतें. ज्यानें उच्चारलें त्याच्या लेखीं तें पंगतींतलें एक सहज बोलणें होतें; ज्यानें ऐकलें त्याच्या लेखीं घराचें दार बंद झालें होतें. छत्तीस वर्षें मीं शाळेंत मुलांना शिकविलें. कोणता मुलगा कां गप्प आहे, हें आपल्याला वर्गांत शिरतांच कळतें, अशी माझी समजूत होती. ती या उत्तरासरशीं गळून पडली.

दुसऱ्याच दिवशीं वहिनी आणि मी त्याला घेऊन आमच्या नेहमींच्या डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं प्रथम रक्त तपासून घेतलें. कारण थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावलें, किंवा शरीरांत बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव झाली, तरीही माणूस असाच थकलेला आणि खिन्न दिसूं शकतो. तें सर्व ठीक निघाल्यावर त्यांनीं आम्हांस मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविलें. त्या डॉक्टरीणबाईंनीं जें समजावून सांगितलें, तें वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

काम सुटल्यावर दुःख होणें हा आजार नव्हे. जवळचें माणूस गेल्यावर जसें सुतक असतें, तसें एकवीस वर्षांचें काम गेल्यावर मनालाही सुतक येतें. तें हळूहळू फिटतें. मध्यें मध्यें माणूस हंसतो, जेवतो, दुसऱ्याच्या आनंदांत सांपडतो. परंतु खिन्नता अथवा कशांतही गोडी न वाटणें हें दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज आणि दिवसभर राहिलें, त्याच्या जोडीला झोंप, भूक, एकाग्रता बिघडली, स्वतःविषयीं अपराधी वाटूं लागलें आणि मरणाचे विचार येऊं लागले, तर तें नैराश्य. डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात. हा जसा मनाचा, तसाच मेंदूचा आणि शरीराचाही विकार आहे. त्याच्यावर औषधें आहेत आणि बोलण्याच्या पद्धतशीर उपचारांनींही तो बरा होतो. औषधाचा गुण पहिल्याच दिवशीं दिसत नाहीं. दोन ते चार आठवडे, क्वचित् त्याहूनही अधिक, धीर धरावा लागतो. बरें वाटूं लागलें म्हणून गोळ्या आपल्या मनानें एकदम बंद करणें मात्र धोक्याचें असतें.

वहिनींनीं भीत भीत विचारलें, "मरणाविषयीं त्याला उघड विचारलें तर तें त्याच्या डोक्यांत भरणार नाहीं ना?" बाई म्हणाल्या, "नाहीं. विचारल्यानें विचार डोक्यांत शिरत नाहीं. तो आधींच असला तर विचारणाऱ्यापाशीं बाहेर पडतो. न विचारणें हेंच अधिक धोक्याचें."

या शेवटल्या वाक्याचें वजन आंकड्यांवरून कळेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत १,७०,९२४ माणसांनीं आत्महत्या केली; त्यांत सर्वांत मोठा आंकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६ इतका होता. आणि देशांतल्या त्या माणसांपैकीं दर दहांत सातांहून अधिक पुरुष होते. स्त्रिया दुःखी नसतात म्हणून हें घडतें असें कोणीं समजूं नये. परंतु पाण्यावर, पापड लाटतांना, मंदिराच्या पायरीवर बायका चार शब्द बोलून घेतात. पुरुषाला लहानपणापासून एकच धडा दिलेला असतो, कीं रडावयाचें नाहीं. आणि तो धडा कित्येक पुरुष प्राणांतापर्यंत विसरत नाहींत.

काम सुटलेल्या माणसाच्या मनाचें काय होतें, याचा एक जुना अभ्यास प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियांत मारियेन्थाल नांवाचें एक खेडें होतें. सारें गांव एका कापडाच्या गिरणीवर जगत असे. मंदीच्या लाटेंत गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण अभ्यासकांनीं तेथें जाऊन लोकांचें जगणें बारकाईनें टिपलें आणि १९३३ सालीं तें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. सामान्य तर्क असा, कीं रिकामा वेळ मिळाला म्हणजे माणूस वाचील, चळवळी करील. प्रत्यक्षांत उलट झालें. वाचनालयांतून जाणारीं पुस्तकें जवळजवळ निम्म्यावर आलीं. रस्त्यानें चालणाऱ्या पुरुषांचा वेगच मंदावला. ते मधून मधून थांबत, उगाच उभे राहत. दिवसभर काय केलें असें विचारलें तर त्यांना सांगतां येत नसे. बायकांच्या मागें मात्र स्वयंपाक आणि मुलेंबाळें होतीं. त्यांचा दिवस बांधलेला राहिला. माझ्या पुतण्यानें पनवेल ते मुंबई अशा ज्या निरर्थक फेऱ्या घातल्या, त्या मला हें वाचल्यावर निराळ्या दिसूं लागल्या. तो आम्हांला फसवीत नव्हता; तो आपल्या दिवसाला कोठें तरी बांधूं पाहत होता. पगार हा नोकरीचा एक भाग झाला. कितीला उठावें, कोणत्या दारांतून आंत जावें, कोणीं आपल्याला कोणत्या नांवानें हांक मारावी, हेंही नोकरीच ठरवीत असते, आणि ती गेली कीं हें सारें एकदम जातें.

तथापि कामाचा बदल हा पुष्कळांच्या आयुष्यांत भाग्याचा ठरला आहे, असें कोणी म्हणेल, आणि तें खरेंही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले. परंतु रंगांतील कांहीं भेद डोळ्यांना नीट कळत नाहींत असें आढळल्यामुळें त्यांना चित्रकला सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळावें लागलें. पुढें ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. तेथें बढती डावलली गेली, तेव्हां नोकरी सोडून बेळगांवास आले. १९१० सालीं त्यांची किर्लोस्करवाडी उभी राहिली. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यविशारद. १९६९ सालीं, चाळिशीच्या घरांत, त्यांनीं चालता व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमि पत्करली, आणि पुढल्याच वर्षीं महाराष्ट्रानें त्यांना नटसम्राट म्हणून पाहिलें.

हीं उदाहरणें मीही वर्गांत अनेकदां सांगितलीं आहेत. आतां मला वाटतें, तीं सांगतांना आपण एक अन्याय करतों. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर माणूस कसा गेला तें आपण सांगतों. मधल्या अंधारांत तो किती दिवस उभा होता तें सांगत नाहीं. मग अंधारांत उभ्या असलेल्या आपल्याच मुलाला वाटतें, कीं थोर माणसें उडी मारून पार झालीं, आपल्यालाच काय तो अंधार लागला. शिवाय रंगभूमीसाठीं व्यवसाय सोडणें आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर हातचें काम काढून घेतलें जाणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. एकांत माणूस कशाकडे तरी जात असतो. दुसऱ्यांत त्याला नुसतें बाहेर काढलेलें असतें. त्याला पहिल्याचें उदाहरण देणें म्हणजे लंगडणाऱ्याला धांवपटूचें चित्र दाखविणें होय.

मग करावें काय? आमच्या घरांत रोज संध्याकाळीं गीतेचा एक अध्याय वाचण्याची पद्धत आहे. पहिला अध्याय बहुतेकजण भराभर उरकतात; 'खरी गीता दुसऱ्यापासून' असें माझे वडीलही म्हणत. या प्रकरणानंतर मीं तो अध्याय पुन्हां सावकाश वाचला. अर्जुन काय सांगतो? अंग गळून जातें, तोंडाला कोरड पडते, शरीर कांपतें, कातडीचा दाह होतो, हातांतून धनुष्य सुटतें, मन भ्रमतें. आपल्या दुखण्याचीं लक्षणें इतक्या उघडपणें, दोन सैन्यांच्या मध्यें उभें राहून, त्या काळच्या सर्वांत मोठ्या धनुर्धरानें सांगितलीं आहेत. आणि श्रीकृष्ण काय करतात? त्या सबंध अध्यायांत, समोरचे कौरव पाहा एवढें दाखविण्यापलीकडे, ते उपदेशाचा एक शब्दही काढीत नाहींत. ऐकून घेतात. सतरा अध्यायांचें बोलणें पुढें आहे. पण अर्जुनाचा विषाद पुरता बोलून होईपर्यंत तें थांबलें आहे. त्या विषादालाही आपल्या पूर्वजांनीं 'योग' म्हटलें, हें आपण रोज वाचतों आणि रोज विसरतों. माझ्या वहिनी गीतेवर प्रवचन करीत नाहींत. पण पाटावर बसून अर्धा तास त्यांनीं जें केलें, तें पहिल्या अध्यायाचें आचरणच होतें.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या २०१६ सालच्या चित्रपटांतही हेंच दिसतें. खचलेल्या, जीव द्यावयास निघालेल्या एका मुलाला, स्वतः त्याच वाटेनें गेलेली एक बाई कोंकणांत समुद्रकांठीं आपल्या घरीं आणते. त्याच्यामागें प्रश्नांचा ससेमिरा लावीत नाहीं. त्यानें आपण होऊन कवचाबाहेर डोकें काढीपर्यंत वाट पाहते. त्या चित्रपटाला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालें. घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं तो एकदां एकत्र बसून पाहावा.

एक गोष्ट येथें सांगितली नाहीं तर हा लेख अर्धा राहील. तो ऐकून माझी धाकटी सून म्हणाली, "भाऊजींची नोकरी गेली तेव्हां घर हललें. आईंचें आजारपण काढण्यासाठीं मीं बँकेची नोकरी सोडली, तेव्हां सगळ्यांनीं 'बरें झालें' म्हटलें." आम्ही सर्व गप्प झालों. बारा वर्षांची नोकरी तिनेंही सोडली होती. ती चार भिंतींच्या आंत काम बदलून आली, म्हणून तिच्या बदलाला कोणीं बदलच मानलें नाहीं. तिला कसें वाटतें, हें विचारण्याची पाळी घरांत कोणाचीच आली नव्हती. प्रत्येक घरांत अशी एखादी असेल. वाचकांनीं आपल्या घरांतील ती शोधावी.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. कोणी नोकरी सोडली अगर सुटली, तर पहिल्या आठवड्यांतच घरांतील मोठ्यांनीं एकत्र बसून पैशाचा हिशेब उघड मांडावा. किती महिने निभेल हें आंकड्यांत कळलें, म्हणजे रात्रींची निम्मी भीति कमी होते. त्या माणसाला घरांत एक ठराविक, खरोखरीच्या उपयोगाचें काम द्यावें. पण घरगडी करूं नये. 'अमक्याच्या मुलाला बघ' हें वाक्य पूर्ण वर्ज्य करावें. 'अजून कांहीं जमलें नाहीं का?' हा प्रश्न पाहुण्यांनीं विचारला, तर उत्तर घरांतील वडिलांनीं द्यावें. त्याला एकट्याला तोंड देऊं देऊं नये. आणि मुलांच्या लग्नांत अडचण येईल या भयानें उपचार लांबविणें किंवा लपविणें, हें तर अगदीं सोडून द्यावें. लपविलेलें दुखणें सोयरिकीच्या आड येण्यापूर्वीं माणसाच्याच आड येतें.

कायदाही आतां आपल्या बाजूनें आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें रुग्णाची माहिती गुप्त ठेवणें बंधनकारक आहे. आरोग्यविम्यांत मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांच्या बरोबरीनें स्थान द्यावें लागतें. आणि ज्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर येते. ज्यांना डॉक्टरांकडे जाण्याचा धीर होत नाहीं, त्यांनीं निदान १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. ती विनामूल्य आहे, अहोरात्र चालते आणि मराठींत बोलतां येतें.

माझ्या पुतण्याचें पुढें काय झालें, हें विचारल्यावांचून वाचक राहणार नाहींत. कांहीं अद्भुत घडलें नाहीं. सात-आठ आठवड्यांत झोंप सुधारली. आठवड्यांतून एकदां बोलण्यासाठीं जाणें त्यानें वर्षभर चालू ठेवलें. आतां तो एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत काम करतो. पगार पूर्वींपेक्षां बराच कमी आहे. मुलांच्या हातून नळ्या फुटतात म्हणून कुरकुरतो, आणि त्या कुरकुरींतच आम्हांला त्याचें बरें होणें ऐकूं येतें. वाईट दिवस अजूनही येतात. मागल्या आठवड्यांत तो पानावर बसला आणि म्हणाला, "आज मन बरें नाहीं. मी फारसें बोलणार नाहीं." माझ्या धाकट्या सुनेनें "बरें" म्हणून त्याला भात वाढला, मुलीनें त्याच्याकडे ताकाची वाटी सरकवली, आणि जेवण पुढें चालू राहिलें. गुडघा दुखतो असें मीं सांगितलें असतें, तर जसें झालें असतें, अगदीं तसें.

डबा वहिनीच भरतात. तो संध्याकाळीं खरकटा येतो.